चित्रातून रंगमंचाकडे : चित्रकाराच्या कामावरून नेपथ्य कसे उभे राहते

एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचे ‘नाइटहॉक्स’ हे १९४२ सालचे चित्र बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. मध्यरात्रीचा रिकामा रस्ता, कोपऱ्यावरचे काचेचे उपाहारगृह, आत दिव्यांचा कोरडा, पिवळट उजेड, काउंटरशी बसलेले एक जोडपे, पाठमोरा बसलेला एकटा माणूस आणि पांढऱ्या कपड्यांतला वाढपी. नाटकाशी संबंध असलेल्या कोणालाही हे चित्र पाहिल्याबरोबर वाटते की हे तर तयार नेपथ्यच आहे. चित्राचे प्रमाणही सोयीचे आहे. त्याची उंची सुमारे ८४ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे १५२ सेंटिमीटर आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या जवळजवळ १.८ पट भरते, आणि १२ मीटर रुंद व साडेसहा मीटर उंच अशा रंगमंचाच्या दर्शनी चौकटीत ते फारशी काटछाट न करता बसू शकते. अडचण पुढे सुरू होते. पहिल्या अंकाच्या पाचव्या मिनिटाला एक पात्र रस्त्यावरून आत येणार असते, आणि या चित्रात रस्त्यावरून आत जायला दारच दिसत नाही.

दार न दाखवणे हा हॉपरच्या बाजूने दोष नाही. त्या चित्रातल्या कोंडलेपणाचा बराच भाग त्यावरच उभा आहे. आत मागच्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारे एक दार तेवढे दिसते. चित्रातली माणसे तिथे कायमची बसलेली आहेत, ती कधी आली नाहीत आणि कधी जाणारही नाहीत, म्हणून चित्रकाराला दार टाळणे परवडते. नाटकातली माणसे मात्र येतात, जातात, आणि त्यांच्या येण्याजाण्यावरच प्रसंग उभे राहतात. नेपथ्यकाराने चित्रात नसलेले दार घातले तर चित्राचा प्राण जातो, आणि घातले नाही तर नाटक अडते. चित्रावरून नेपथ्य करण्याचे काम अवघड का आहे हे या एका दारावरून समजते.

काचेचा प्रश्न याहून त्रासदायक आहे. चित्रात ती गोलाकार वळणारी मोठी काच आतल्या माणसांना आपल्यापासून तोडते, आणि ते तुटलेपणच आपल्याला हवे असते. रंगमंचावर खरी काच लावली तर समोरच्या दिव्यांचे प्रतिबिंब तिच्यात चमकते, नटाचा आवाज अडतो आणि काच फुटण्याची धास्ती राहते ती वेगळीच. म्हणून अनुभवी नेपथ्यकार बहुधा काचेची फक्त चौकट ठेवतो आणि काच प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडतो, किंवा चौकटीत अतिशय विरळ विणीचे जाळीदार कापड ताणतो. या कापडाला नाटकवाले गॉझ म्हणतात. त्याची गंमत अशी की समोरून तिरपा प्रकाश पडला तर ते भिंतीसारखे अपारदर्शक दिसते आणि मागच्या बाजूला उजेड केला की जवळजवळ नाहीसे होते. त्यामुळे आतली माणसे हवी तेव्हा उजळतात आणि हवी तेव्हा बुजतात. हॉपरने असे कापड कुठेही रंगवलेले नाही, तरीही त्याला जे म्हणायचे होते त्याच्या जवळ आपण खऱ्या काचेपेक्षा या कापडानेच अधिक जातो.

‘चित्रकाराच्या कामावरून प्रेरित’ या शब्दांचा अर्थ इथून लावावा लागतो. सर्वात सोपा आणि सर्वात फसवा मार्ग म्हणजे चित्र मोठे करून मागच्या पडद्यावर उतरवणे. अशा पडद्यासमोर नट उभा राहिला की पहिल्या क्षणी टाळी मिळते, कारण प्रेक्षकाला ओळख पटल्याचा आनंद होतो. तो आनंद दोन-चार मिनिटांत ओसरतो, आणि मग दोन तास एक सपाट चित्र आणि त्याच्यापुढे वावरणारी, त्या चित्राशी काहीही देणेघेणे नसलेली माणसे तेवढी उरतात. नेपथ्यकाराला उचलायचे असतात ते चित्रकाराचे निर्णय: त्याने रेघ कशी ओढली, उजेड कुठून आणला, कोणते रंग स्वतःला वापरू दिले नाहीत, माणूस आणि भिंत यांचे प्रमाण काय ठेवले, काय गाळले. हे निर्णय एकदा हाती आले की त्यांच्या आधारे त्या चित्रकाराने कधीच न रंगवलेली खोलीसुद्धा रचता येते. नाटकाला तर बहुतेक वेळा न रंगवलेलीच खोली लागते.

याचे माझ्या दृष्टीने सर्वात शिकण्यासारखे उदाहरण १९७५ सालचे आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७३० च्या दशकात एका उधळ्या तरुणाच्या अधःपाताची आठ चित्रांची मालिका रंगवली आणि १७३५ मध्ये तिच्यावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेली मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. वारसाहक्काने पैसा मिळालेला हा तरुण जुगार, मेजवान्या आणि कर्ज यांतून जात शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांनी १९४७ मध्ये शिकागोच्या एका प्रदर्शनात ही मालिका पाहिली आणि त्यातून ‘द रेक्स प्रोग्रेस’ हा ऑपेरा जन्मला, ज्याचा पहिला प्रयोग १९५१ मध्ये व्हेनिसला झाला. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न महोत्सवाने १९७५ मध्ये तो नव्याने बसवला तेव्हा नेपथ्य आणि वेशभूषा यांसाठी चित्रकार डेव्हिड हॉकनी यांना बोलावले. दिग्दर्शक जॉन कॉक्स होते.

हॉकनी यांच्यापुढे आयती आठ चित्रे होती, आणि ती मोठी करून टांगण्याची पूर्ण मुभा होती. त्यांनी त्यांतल्या खोल्यांपेक्षा रेघांकडे जास्त लक्ष दिले. ताम्रपटावर कोरताना छटा देण्यासाठी रंग पसरवता येत नाही. सावली हवी असेल तर जवळजवळ समांतर रेघा ओढायच्या, अधिक गडद हवी असेल तर त्यांच्यावर आडव्या रेघांची जाळी टाकायची, एवढाच मार्ग असतो. चित्रकलेत याला क्रॉस-हॅचिंग म्हणतात. मुद्राचित्रात जेमतेम दिसणाऱ्या या रेघा हॉकनी यांनी रंगमंचाच्या मापाच्या केल्या. भिंती, छत, पलंग, खुर्च्या यांवर आणि नटांच्या कपड्यांवरही तीच जाळी आली. रंगांचेही तसेच. होगार्थच्या काळातल्या छापखान्यात मिळणाऱ्या शाईच्या रंगांपुरते, म्हणजे काळा, लाल, निळा आणि हिरवा एवढ्यांपुरते, त्यांनी स्वतःला बांधून घेतले. त्यामुळे गायक एखाद्या छापील पानात वावरत असल्यासारखा दिसतो, आणि त्याचा झगा व मागची भिंत एकाच हाताने कोरल्यासारखी वाटतात.

हा मार्ग योग्य का ठरला याचे कारण केवळ दृश्य नाही. स्ट्राविन्स्की यांचे संगीतच अठराव्या शतकातल्या ऑपेराचे साचे घेऊन विसाव्या शतकाच्या कानाने रचलेले होते. जुन्या वस्तूचे साधन घेऊन नवीन वस्तू करणे हीच त्याची रीत होती. हॉकनी यांनी नेमके तेच रेघेच्या बाबतीत केले. म्हणून चित्रकार निवडताना पहिला प्रश्न ‘या नाटकाच्या काळात कोण रंगवत होते’ हा नसावा, असे मला वाटते. नाटककार आपल्या सामग्रीशी जसा वागतो तसा आपल्या सामग्रीशी वागणारा चित्रकार कोण, हे आधी पाहावे. काळ जुळला आणि वृत्ती जुळली नाही तर नेपथ्य वस्तुसंग्रहालयातल्या दालनासारखे दिसते. उलट, संहितेतली माणसे एकमेकांशी बोलूनही एकटी राहत असतील तर नाटक कोणत्याही शतकातले असले तरी हॉपर उपयोगी पडू शकतो.

चित्र आणि रंगमंच यांच्या भांडणाचे मूळ मात्र आणखी खोल आहे, आणि ते सर्वात स्पष्टपणे मांडणारा माणूस आडोल्फ आपिया (१८६२–१९२८) हा स्विस नाट्यविचारक होता. त्याच्या काळात रंगवलेल्या पडद्यांची चलती होती: पडद्यावर झाडे, पडद्यावर राजवाडा, पडद्यावर सूर्यास्त. आपियाचा आक्षेप असा होता की नटाचे शरीर त्रिमितीचे आहे आणि पडदा द्विमितीचा. नटाला उठाव येण्यासाठी त्याच्यावर दिशा असलेला, सावली पाडणारा प्रकाश हवा. पडद्यावरचे चित्र नीट दिसण्यासाठी मात्र सगळीकडे सारखा, सावली न पाडणारा प्रकाश हवा, कारण त्या चित्रात सावल्या आधीच रंगवलेल्या असतात. पडद्याला न्याय दिला तर नट सपाट होतो, आणि नटाला न्याय दिला तर पडद्याची सुरकुती न सुरकुती दिसते. शंभर वर्षे उलटली, दिव्यांचे तंत्र पार बदलले, तरी हा पेच तसाच आहे.

त्यावर व्यवहारात दोन-तीन उपाय केले जातात. चित्रातला प्रकाश डावीकडून येत असेल तर नटावरचा मुख्य दिवाही डावीकडच्याच विंगेतून किंवा डावीकडच्या वरच्या बारवरून आणायचा, म्हणजे रंगवलेली सावली आणि खरी सावली एकमेकींना खोटे पाडत नाहीत. मागचा पडदा आणि नट यांच्यात निदान अडीच-तीन मीटर अंतर ठेवायचे, म्हणजे नटाची सावली पडद्यावर न चढता जमिनीवर पडते आणि दोघांना स्वतंत्र प्रकाश देता येतो. सर्वात चांगला उपाय म्हणजे सावली रंगवायचीच नाही. कॅराव्हाजिओसारख्या चित्रकारावरून काम करायचे असेल तर रंगवण्याजोगे फारसे उरतच नाही. काळा, प्रकाश गिळणारा मखमली पडदा, विंगेतून येणारा एकाच बाजूचा प्रकाश आणि अंधारातून अर्धेच बाहेर आलेले चेहरे, एवढ्यात त्याचा निर्णय पुरा होतो. अर्थात चित्रासमोर आपण काही मिनिटे थांबतो आणि नाटकासमोर दोन तास बसतो. इतक्या अंधारात प्रेक्षकाचे डोळे शिणतात, आणि चेहरा नीट दिसला नाही तर शब्दही कमी ऐकू आल्यासारखे वाटतात. म्हणून प्रकाशयोजनाकार अशा प्रयोगात प्रसंग पुढे सरकेल तसा उजेड कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या संथपणे वाढवतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग याची आर्ल इथली शयनगृहाची खोली याच्या अगदी उलट टोकाला आहे. १८८८ मध्ये त्याने ती पहिल्यांदा रंगवली आणि पुढच्या वर्षी तिच्या आणखी दोन आवृत्त्या केल्या. या चित्रात पडछाया जवळजवळ नाहीत, आणि जपानी मुद्राचित्रांसारखे सपाट रंग हवेत म्हणून त्या आपण मुद्दाम गाळल्या, असे त्याने भाऊ थिओ याला पत्रात कळवले होते. ही खोली रंगमंचावर आणणाऱ्याने वाकडा पलंग आणि दोन खुर्च्या हुबेहूब बनवल्या, आणि प्रकाश मात्र नेहमीसारखा दिला, तर पलंगाखाली, खुर्च्यांखाली आणि नटाच्या पायाशी काळ्या सावल्या उमटतात आणि चित्र तिथेच संपते. इथे प्रकाश अनेक दिशांनी, मऊ करून, एकमेकांच्या सावल्या पुसतील अशा बेताने आणावा लागतो. त्याने नटही थोडा सपाट दिसू लागतो, हे खरे आहे. पण या चित्राच्या बाबतीत ते सपाटपण चित्रकारालाच हवे होते. आपियाचा नियम मोडण्याची परवानगी कधी कधी चित्रच देते.

याच चित्रात रंगाचा एक मोठा धडा दडलेला आहे. आज आपल्याला त्या खोलीच्या भिंती निळ्या दिसतात. त्या पत्रात व्हॅन गॉगने मात्र त्यांना फिकट जांभळे म्हटले आहे, आणि चित्राच्या तपासणीतूनही तेच निघाले: जांभळ्यासाठी वापरलेल्या मिश्रणातले लाल रंगद्रव्य प्रकाशाने फिके होत गेले आणि निळे मागे उरले. मग नेपथ्यकाराने भिंत कोणती रंगवावी? जांभळी रंगवली तर चित्रकाराच्या हेतूशी इमान राहते, कारण पिवळ्या लाकडासमोर जांभळा हा त्याचा विरोधी रंग म्हणून त्याने योजला होता. पण प्रेक्षकाला वाटते की नेपथ्यकार चुकला. निळी रंगवली तर प्रेक्षक खूश, आणि योजना फसलेली. मी स्वतः जांभळ्याच्या बाजूचा आहे. मात्र भिंत रंगवून हा निर्णय संपत नाही, कारण रंगमंचावर रंग डब्यातून अर्धाच येतो आणि उरलेला दिव्यातून येतो. वस्तू तिच्यावर पडलेल्या प्रकाशातलाच रंग परत पाठवू शकते. लाल कपड्यावर शुद्ध निळा प्रकाश टाकला तर तो काळपट दिसतो. थोड्या उबदार छटेच्या जिलेटिनमधून, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदातून, प्रकाश सोडला तर फिकट जांभळी भिंत गुलाबीकडे झुकते आणि थंड छटेत निळीकडे. म्हणजे हीच भिंत एका प्रसंगात व्हॅन गॉगच्या मनातली आणि दुसऱ्या प्रसंगात आजच्या संग्रहालयातली दाखवणे शक्य आहे, आणि नाटक जर विरण्याविषयी किंवा आठवणीविषयी असेल तर त्याहून चांगले काय हवे? यासाठी रंगाचे नमुने कार्यशाळेतल्या ट्यूबलाइटखाली न ठरवता प्रयोगात वापरायच्या दिव्यांखालीच ठरवावे लागतात.

आता मापाकडे येऊ, कारण चित्र मोठे करताना सर्वाधिक गफलत तिथे होते. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचे ग्राँद जात बेटावरच्या रविवारच्या दुपारचे चित्र (१८८४–८६) सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे, आणि ते शुद्ध रंगांच्या असंख्य लहान ठिपक्यांनी व तुटक फटकाऱ्यांनी भरलेले आहे. जवळून ठिपके दिसतात, दूर गेल्यावर ते डोळ्यात मिसळतात. साधारण चांगली दृष्टी असलेला माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो, म्हणजे ५ मीटरवरून सुमारे दीड मिलिमीटरचा आणि २० मीटरवरून सुमारे ६ मिलिमीटरचा. समजा, हे चित्र चौपट करून १२ मीटरच्या पडद्यावर उतरवले आणि ३ मिलिमीटरचा ठिपका १२ मिलिमीटरचा झाला. विसाव्या मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला तो मूळ चित्रासमोर पाच मीटरवर उभे राहिल्यासारखाच दिसेल, पण पडद्यापासून पाच मीटरवरच्या पहिल्या रांगेतल्या माणसाला मूळ चित्राला नाक लावल्यासारखा, सव्वा मीटरवरून पाहिल्यासारखा दिसेल, आणि त्याच्यासाठी झाड म्हणजे नुसती ठिपक्यांची भेळ होईल. संग्रहालयात पाहणारा स्वतः मागे-पुढे सरकतो. नाट्यगृहात त्याची जागा तिकिटावर छापलेली असते. म्हणून पडदा रंगवणारे ठिपका सरसकट चौपट करत नाहीत. आधी मोठ्या क्षेत्रांचा एक मधला रंग भरतात आणि त्यावर वेगवेगळ्या आकारांचे ठिपके ब्रशने उडवतात, म्हणजे जवळच्यालाही आकार सापडतो आणि लांबच्यालाही कण जाणवतो.

सराच्या या चित्रावर १९८४ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’ या संगीत नाटकात, ज्याचे संगीत आणि गीते स्टीव्हन सॉन्डहाइम यांची होती, नेपथ्यकार टोनी स्ट्रेजेस यांनी हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला. सुरुवातीला रंगमंच कोऱ्या कॅनव्हाससारखा पांढरा असतो. मग झाडे, होड्या, माणसे, प्राणी असे चित्रातले घटक कापून काढलेल्या आकृत्यांच्या रूपाने येतात, जातात, जागा बदलतात, आणि पहिल्या अंकाच्या अखेरीस जिवंत नट व या आकृत्या मिळून ते चित्र डोळ्यांसमोर पूर्ण होते. चित्रात सगळे एकाच क्षणी असते आणि नाटक काळात उलगडते. इथे चित्र ‘होण्याला’ काळ देण्यात आला आणि तेच कथानक झाले. मागच्या पडद्यावर ते चित्र पहिल्या मिनिटापासून टांगलेले असते तर अंकाच्या शेवटाला काहीच अर्थ उरला नसता.

यथार्थदर्शनाचा, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचा, प्रश्न याच जातीचा आहे. चित्र एकाच डोळ्यासाठी रचलेले असते, आणि नाट्यगृहात शेकडो डोळे वेगवेगळ्या कोनांतून पाहतात. इटलीतल्या विचेन्झा येथील टिआट्रो ओलिंपिको या १५८५ मध्ये सुरू झालेल्या नाट्यगृहात विन्चेन्झो स्कामोझ्झी याने कमानींच्या मागे बांधलेले लाकडी रस्ते आजही उभे आहेत. मागे जाताना ते चढत आणि आकसत जातात, म्हणून मोजक्या मीटरांत लांबच लांब भासतात. पण नट त्या रस्त्यात मागे चालत गेला तर तो शेवटच्या घरांच्या छपराला लागेल असा राक्षस दिसू लागतो. म्हणून चित्रातली खोली, म्हणजे मागे लांबवर गेल्याचा भास, आणायची असेल तेव्हा ही खोटी खोली जिथे सुरू होते ती रेषा जमिनीवर आखून घेतात आणि नटांना तिच्या अलीकडेच वावरायला लावतात. विषय निघालाच आहे तर सांगतो: पुस्तकात चित्र पाहून काम करणारे जमीन विसरतात. बाल्कनीतून पाहणाऱ्याला नेपथ्यातले सर्वात मोठे रंगवलेले क्षेत्र बहुधा जमिनीचेच दिसते, आणि मागे व्हॅन गॉग व खाली करडा प्लायवूड अशी विजोड जोडी फार वेळा पाहायला मिळते.

प्रोजेक्टरने हे सगळे सोपे केले आहे असा एक समज आहे. चित्र फेकणे सोपे झाले, हे खरे. पण १९२० पिक्सेलची प्रतिमा १२ मीटरवर ताणली की एक पिक्सेल सव्वासहा मिलिमीटरचा होतो, आणि पुढच्या रांगांना चित्रकाराच्या फटकाऱ्यांऐवजी चौकोन दिसू लागतात. शिवाय प्रोजेक्टरला काळा रंग ‘फेकता’ येत नाही, तो फक्त प्रकाश न देण्याइतकेच करू शकतो, आणि नटावरचा थोडासा प्रकाश पडद्यावर सांडला तरी सगळे गडद भाग राखाडी होतात. बदलत्या, वाहत्या गोष्टींसाठी प्रोजेक्टर उत्तम साधन आहे. टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या धुक्यासाठी एकामागे एक लावलेल्या गॉझच्या दोन-तीन पडद्यांवर मंद प्रतिमा सोडल्या तर काम सुरेख होते. स्थिर चित्र दोन तास दाखवायला मात्र रंगवलेले कापडच बरे.

कामाचा क्रम थोडक्यात सांगता येतो. आधी संहिता, अनेकदा, आणि तिच्यातून प्रवेश-निर्गम, बसण्याच्या जागा, दारे, जिने, अंधार यांची यादी. मग चित्रकाराचे एकच प्रसिद्ध चित्र न धरता त्याची बरीच चित्रे शेजारी ठेवून त्यांत पुन्हा पुन्हा काय येते ते शोधणे. मग पांढऱ्या पुठ्ठ्याचे साधे मॉडेल, बहुधा १:२५ या प्रमाणात, ज्यात १२ मीटरचा रंगमंच ४८ सेंटिमीटरचा होतो आणि नट जेमतेम सात सेंटिमीटरचा. ही सात सेंटिमीटरची पुठ्ठ्याची बाहुली फार महत्त्वाची असते, कारण माणूस ठेवल्याशिवाय हॉपरची भिंत किती उंच हवी हे कळत नाही. दिग्दर्शकाशी वाद या टप्प्यावर घालावेत, सुताराने फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातल्या भिंतींच्या चौकटी, कापल्यावर नव्हे. मूळ चित्र ओळखू येईल इतके थेट वापरायचे असेल तर चित्रकाराच्या हक्कांचाही विचार करावा लागतो. भारतात हा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षे आणि अनेक युरोपीय देशांत ७० वर्षे टिकतो. होगार्थ, सरा आणि व्हॅन गॉग यांच्याबाबत हा प्रश्न केव्हाच मिटला आहे. पिकासो (मृत्यू १९७३) किंवा शागाल (मृत्यू १९८५) यांच्याबाबत तो जिवंत आहे. शैली, रंगसंगती, प्रकाशाची रीत या गोष्टींवर सहसा कोणाची मालकी नसते. निर्णय उचलावेत, चित्र उचलू नये, याला असा कायद्याचाही आधार मिळतो.

चित्रकार स्वतःच नेपथ्य करतो तेव्हा काय होते? मार्क शागाल यांनी १९४२ मध्ये ‘अलेको’ या बॅलेसाठी मेक्सिको सिटीत चार प्रचंड पडदे रंगवले, प्रत्येक सुमारे ९ मीटर उंच आणि १५ मीटर रुंद. त्यांतले तीन आज जपानमधल्या आओमोरी कलासंग्रहालयात आहेत आणि तिथे एकही नर्तक नसताना ते अपूर्ण वाटत नाहीत. चित्र म्हणून ही मोठीच गोष्ट आहे. नेपथ्य म्हणून मला तीच शंकास्पद वाटते. त्याच तर्काच्या शेवटापर्यंत वासिली कांडिन्स्की १९२८ मध्ये डेसाऊ येथे गेले होते. मुसोर्गस्की यांच्या ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ या संगीतरचनेच्या प्रयोगात त्यांनी नटांना जवळजवळ काढूनच टाकले आणि रंगीत आकार व प्रकाश यांनाच हालचाल दिली. चित्र आणि शरीर यांचे भांडण मिटवण्याचा तो प्रामाणिक मार्ग होता, पण त्यात एक पक्षच घरी पाठवला गेला.

पाब्लो पिकासो यांनी १९१७ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात सादर झालेल्या ‘परेड’ या बॅलेसाठी शरीराशीच सामना केला. सुमारे साडेदहा मीटर उंच आणि सोळा मीटरहून रुंद असा त्यांचा दर्शनी पडदा सौम्य, जवळजवळ गोडसर होता. तो वर गेल्यावर मात्र कार्यक्रमाचे व्यवस्थापक म्हणून सुमारे तीन मीटर उंचीच्या घनवादी (वस्तू कोनाकोनांत मोडून दाखवणाऱ्या शैलीतल्या) आकृत्या बाहेर आल्या: पुठ्ठ्याच्या इमारती, नळ आणि कोन अंगावर चढवलेले नर्तक. त्या पोशाखांत नाचणे अशक्यप्राय होते. नर्तक पाय आपटू शकत होते आणि अडखळत चालू शकत होते, आणि तीच त्यांची हालचाल ठरली. तिसरा व्यवस्थापक घोड्यावर बसून येणार होता. घोडा म्हणजे एकाच कातड्यात शिरलेले दोन नर्तक आणि वरचा स्वार म्हणजे बाहुला. तालमीत तो बाहुला टिकेना, म्हणून तो काढून टाकण्यात आला, आणि प्रयोगात स्वाराविना घोडा एकटाच, संगीताशिवाय नाचला.